चांगलं म्हणजे कोणाच्या हातात? जड पोलादी पिस्तुलाची परीक्षा



मागच्या व्याख्यानांत आपण न्यायदर्शनाची चार प्रमाणं पाहिली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शेवटच्या दिवशी एक चिठ्ठी आली होती : "सर, हे सगळं ऐकायला छान वाटतं, पण दुकानात काउंटरसमोर उभं राहिल्यावर याचा उपयोग काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आज नवा सिद्धान्त नको. एक वस्तू घेऊ, आणि ती विकत घ्यावी की नाही एवढंच ठरवू.

वस्तू मात्र तुम्हाला जरा चमत्कारिक वाटेल. स्पर्धेसाठी बनवलेलं जड, संपूर्ण पोलादी पिस्तूल. सत्तरी ओलांडलेल्या तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा पिस्तुलाशी काय संबंध, असं काही जण मनात म्हणत असतील. तर सांगतो.

आमची एक जुनी विद्यार्थिनी टेक्सासमध्ये राहते, आता तिथलीच नागरिक आहे. बी.ए.ला आमच्याकडे तर्कशास्त्र शिकली, आणि वर्गात आम्हाला सगळ्यात जास्त प्रश्न विचारायची ती हीच. चाळिशीत तिला नेमबाजीच्या स्पर्धांचा नाद लागला. दोन वर्षं ती ग्लॉक 17 वापरते आहे. एक दिवस तिचा फोन आला. "सर, सीझेडचं शॅडो 2 घ्यायचं म्हणतेय. बाराशे डॉलरच्या वर जातं. घरात यावरून बोलणंही झालंय. तुम्ही आयुष्यभर प्रमाण प्रमाण म्हणालात, आता सांगा, घेऊ की नको?" आम्ही म्हटलं, "अगं, दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे आमची मजल गेलेली नाही." पण महिनाभरानं आम्ही मुलाकडे तिकडेच जाणार होतो. गेलो, आणि तिच्याबरोबर दोन शनिवार रेंजवर जाऊन बसलो. पिस्तुलाला हात लावला नाही. कानांवर इअरमफ, डोळ्यांवर चष्मा, हातात वही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. आपल्याकडे 9 मिलिमीटरचं पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, सामान्य परवानाधारकाला ते घेता येत नाही. तेव्हा आजची चर्चा ऐकून कोणी चौकशीला निघू नये. आपल्याला शिकायची आहे ती परीक्षा करण्याची रीत.

आता वस्तूची ओळख. झेक प्रजासत्ताकात मोराविया प्रांतात उहेर्स्की ब्रॉड नावाचं गाव आहे. तिथे 1936 मध्ये शस्त्रांचा कारखाना उभा राहिला. योसेफ आणि फ्रान्टिशेक कोउत्स्की या भावांनी तिथे सीझेड 75 हे पिस्तूल घडवलं, नावातला आकडा 1975 सालचा. त्याचं एक वैशिष्ट्य असं, की वरचा सरकणारा भाग, म्हणजे स्लाइड, सांगाड्याच्या बाहेरून बसत नाही, आतल्या खाचांतून धावते. त्याच घराण्यातलं, खास स्पर्धेसाठी वाढवलेलं पिस्तूल म्हणजे 2016 मध्ये आलेलं शॅडो 2. रिकामं असताना वजन सुमारे 1330 ग्रॅम. ग्लॉक 17 चा सांगाडा पॉलिमरचा, म्हणून ते रिकामं सुमारे 630 ग्रॅम. म्हणजे आमच्या विद्यार्थिनीला दुपटीहून जड वस्तू हातात घ्यायची होती, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजायचे होते.

इथे आमच्याकडून पहिली चूक झाली. आम्ही फोनवर लगेच म्हटलं, "दुप्पट जड? मग मनगट दुखेल, हात थरथरेल. नको घेऊस." ती हसली. म्हणाली, "सर, हेतू तपासा." आणि खरोखरच आमचं अनुमान कच्चं होतं.

चूक कुठे झाली ते पाहू. 'चांगलं' हा शब्द आपण वस्तूला रंगासारखा चिकटवतो. तो तसा चिकटत नाही. चांगलं कशासाठी, कोणाच्या हातात, कोणत्या नियमांखाली, हे ठरल्याशिवाय त्या शब्दाला अर्थच येत नाही. जडपणाचंही तेच. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, तो खेळ आठवा. तिथे पिस्तूल .22 चं असतं, ते एका हातानं, हात लांब करून धरायचं असतं. नियमानं वजन 1400 ग्रॅमच्या आत असावं लागतं आणि चाप किमान 1000 ग्रॅमचा असावा लागतो. लांब केलेल्या एका हातावर प्रत्येक ग्रॅम जाणवतो. आमच्या डोक्यात नेमबाजी म्हणजे हेच चित्र होतं.

आमच्या विद्यार्थिनीचा खेळ वेगळा. त्याला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना आयपीएससी 1976 मध्ये अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या कोलंबिया इथे स्थापन झाली, जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. पिस्तूल दोन्ही हातांनी धरायचं, पळायचं, आडोशामागून नेम धरायचा, कागदी लक्ष्यावर सहसा दोन दोन गोळ्या मारायच्या. वरून घड्याळ चालू. गुण भागिले सेकंद, हा त्याचा हिशोब.

तो हिशोब नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तिच्या गटात मधल्या भागात गोळी लागली की 5 गुण, त्याच्या बाहेरच्या भागात लागली की 3. समजा आठ लक्ष्यं आहेत, सोळा गोळ्या. सगळ्या मधोमध लागल्या तर 80 गुण. वेळ लागला 10 सेकंद, तर भागाकार 8. आता दोन गोळ्या जरा बाहेर गेल्या, गुण झाले 76, पण वेळ लागला साडेनऊ सेकंद. 76 भागिले 9.5, पुन्हा 8. म्हणजे इथे अर्धा सेकंद आणि चार गुण यांची किंमत सारखी ठरली. नुसतं अचूक पिस्तूल, नुसतं वेगवान पिस्तूल, या वर्णनांना या खेळात अर्थ नाही. दोन्हींचा भागाकार जे वाढवील ते चांगलं.

आता जडपणा इथे काय करतो? हे अनुमानाचं काम, आणि भौतिकशास्त्र आपल्याला भक्कम व्याप्ती देतं. गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच संवेग पिस्तुलाला मागे मिळतो. आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 320 मीटर वेगानं गेली, तर 630 ग्रॅमचं पिस्तूल मोकळं असतं तर सेकंदाला सुमारे 4 मीटर वेगानं मागे आलं असतं, 1330 ग्रॅमचं सुमारे 2 मीटरनं. ऊर्जेच्या भाषेत, एकात सव्वापाच ज्यूल, दुसऱ्यात अडीच. झटक्याची ऊर्जा निम्म्याहून कमी. नळी कमी उसळते, पुढचं माशीचं टोक लवकर जागेवर येतं, दुसरी गोळी लवकर मारता येते. आमचं 'मनगट दुखेल' कुठल्या कुठे गेलं.

पण थांबा. संवेग कमी झालेला नाही. हाताला एकूण ढकललं जातं तेवढंच, फक्त सावकाश. आणि जड वस्तू जशी झटक्याला दाद देत नाही, तशी ती तुम्हालाही दाद देत नाही. एका लक्ष्यावरून दुसऱ्याकडे वळवताना तिला हलवायला जोर लागतो आणि नेमक्या जागी थांबवायलाही लागतो. नवख्या माणसाचं जड पिस्तूल लक्ष्य ओलांडून पुढे जातं आणि मागे आणावं लागतं. शिवाय रिकाम्या वजनावर मॅगझिन आणि काडतुसं चढतात. 9 मिलिमीटरचं एक काडतूस साधारण 12 ग्रॅम, पंधरा म्हणजे 180. अनुमान इथपर्यंत नेतं : जडपणामुळे एका लक्ष्यावरची दुसरी गोळी सुधारेल, लक्ष्य बदलताना कदाचित नुकसान होईल. बेरीज काय होईल, हे अनुमान सांगू शकत नाही. तिथे प्रत्यक्षाकडेच जावं लागतं.

प्रत्यक्षाकडे जाण्याआधी शब्दप्रमाण उरकू. आमच्या विद्यार्थिनीनं दोन महिने इंटरनेटवर शॅडो 2 ची परीक्षणं पाहिली होती. बहुतेकांत एकच वाक्य : "हातात घेतलं की कळतं." न्यायानं शब्दाला प्रमाण मानलं ते आप्ताच्या शब्दाला. आप्त म्हणजे ज्याला विषय माहीत आहे आणि जे आहे तेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा माणूस. दोन्ही अटी हव्यात. आम्ही तिला सांगितलं, प्रत्येक परीक्षणाला दोन प्रश्न विचार. यानं त्या पिस्तुलातून किती महिने, कोणत्या स्पर्धा मारल्या? आणि ते त्याला फुकट मिळालं होतं का? निम्मी परीक्षणं इथेच गळाली. जी उरली त्यांत कौतुकापेक्षा तक्रारी कामाच्या निघाल्या. स्लाइड सांगाड्याच्या आत धावते, म्हणून बाहेर पकडायला कमी जागा उरते आणि लहान हातांना ती ओढणं जड जातं. पहिल्या गोळीला चाप फार पुढे असतो, आखूड बोटांना पोचायला ताण पडतो. अशी तक्रार करणाऱ्याचा हात आपल्या हातासारखा असेल, तर ती सोन्यासारखी.

आणखी एक वाक्य वारंवार येत होतं : "मोठमोठे विजेते हेच वापरतात." मंडळी, हा सव्यभिचार हेत्वाभास. विजेते हेच वापरतात हे खरं असलं, तरी पहिल्याच फेरीत गळणारेही हेच वापरतात. जो हेतू साध्य असतो तिथेही आढळतो आणि नसतो तिथेही आढळतो, तो काहीच सिद्ध करत नाही.

आता रेंज. तिथे पिस्तुलं भाड्यानं मिळतात, हे मोठं सोयीचं. बऱ्याच लोकांची प्रत्यक्षाची कल्पना अशी असते, की पिस्तूल हातात घेतलं, दहा गोळ्या एकाच लक्ष्यावर मारल्या, 'वा, किती मऊ!' म्हटलं आणि पाकीट काढलं. ही संवेदना खरी आहे, पण तिचा विषय चुकीचा आहे. मऊपणा मोजायचा नव्हता, भागाकार मोजायचा होता. म्हणून आम्ही वहीत चार रकाने आखले. पहिली गोळी. त्याच लक्ष्यावरची दुसरी गोळी. लक्ष्य बदलताना लागलेला वेळ. आणि मॅगझिन बदलणं. दोन्ही पिस्तुलं, तोच माणूस, तेच अंतर, तोच टायमर. क्रमही उलटापालटा केला, म्हणजे दमल्याचा दोष एकाच पिस्तुलाच्या माथी बसणार नाही.

काय निघालं? दुसऱ्या रकान्यात जड पिस्तूल स्पष्ट पुढे. दोन गोळ्यांमधला वेळ कमी, भोकं जवळ जवळ. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते पाहून आम्हालाही वाटलं, झालं, निकाल लागला. तिसऱ्या रकान्यात ते पहिल्या शनिवारी मागे होतं, दुसऱ्या शनिवारी फरक जवळपास मिटला. म्हणजे तो दोष सवयीचा होता. पहिल्या रकान्यात मात्र दोन्ही शनिवारी तेच : पहिली गोळी खाली आणि डावीकडे. ग्लॉकमधूनही तिची गोळी तिथेच जायची! चाप ओढताना ती उजव्या हाताची मूठ आवळत होती, झटक्याच्या आधीच नळी खाली ढकलत होती. जड पिस्तुलानं हा दोष इतर गोळ्यांत झाकला, पहिल्या गोळीत उघडा पाडला. तिची मूळ समजूत होती की माझ्या बाहेर जाणाऱ्या गोळ्या हे पिस्तूल सुधारेल. ती समजूत इथे संपली. वस्तू दोष झाकते तेव्हा तो सुधारला असं वाटणं, हा विकत घेण्यातला सगळ्यात महागडा भ्रम आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे व्याख्यान ठेवलं तो मुद्दा.

पहिली गोळी वेगळी का असते? हे पिस्तूल दोन तऱ्हांनी चालतं. घोडा खाली असेल तर चाप लांबवर आणि जोरानं ओढावा लागतो, तोच घोडा मागे नेतो आणि सोडतो. पहिल्या गोळीनंतर स्लाइड घोडा मागे ठेवून जाते, मग चाप हलका आणि आखूड. ती ज्या गटात खेळते तिथला नियम असा, की काडतूस भरल्यावर सुरुवातीला घोडा पूर्ण खाली हवा, किंवा पिस्तुलाला घोडा उतरवण्याचा वेगळा खटका असेल तर त्या खटक्यानं उतरवलेला हवा. शॅडो 2 ला असा खटका नाही. म्हणजे प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला, नळीत जिवंत काडतूस असताना, अंगठ्यानं घोडा धरायचा, चाप दाबायचा आणि घोडा हळूहळू खाली आणायचा. अंगठा सटकला तर गोळी सुटते. नळी सुरक्षित दिशेला असेल तर सुदैव, पण स्पर्धेतून तर तिथेच बाद.

दुसरी गोष्ट. बऱ्याच पिस्तुलांत फायरिंग पिनला एक अडसर असतो. चाप ओढल्याशिवाय तो हटत नाही, म्हणून भरलेलं पिस्तूल हातातून पडलं तरी पिन काडतुसावर आपटत नाही. शॅडो 2 मध्ये हा अडसर ठेवलेला नाही. त्याच्या चापाचं इतकं कौतुक होतं, त्यामागचं हे एक कारण. मधले भाग कमी, म्हणून चाप स्वच्छ. मंडळी, प्रत्येक गुण कशाच्या तरी बदल्यात विकत घेतलेला असतो. जाहिरात गुण सांगते, बदल्यात काय दिलं ते सांगत नाही. परीक्षकानं तेच विचारायचं. इथे उत्तर स्पष्ट आहे : हे पिस्तूल रेंजवरच्या शिस्तीसाठी आहे, खिशात किंवा उशाशी ठेवण्यासाठी नाही. यात कारखान्याचा दोष काही नाही. शर्यतीच्या सायकलला मडगार्ड नसतं. पण पावसात ऑफिसला जाणाऱ्यानं ती घ्यायची नाही.

दुसऱ्या शनिवारी आम्ही तिला म्हटलं, गोळ्या झाल्या, आता पाचवा रकाना. रेंजवरच्या प्रशिक्षकाला विचारून, डमी काडतूस घालून, नळी मातीच्या बांधाकडे धरून, वीस वेळा घोडा उतरव. तिला वाटलं, सर उगाच ताणताहेत. तेरा वेळा अगदी छान. चौदाव्या वेळी घामानं अंगठा घसरला. टक्.

एवढाच आवाज. पण कोणी काही बोललं नाही. ती पिस्तूल खाली ठेवून जरा वेळ हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा सकाळी धरतो. हे मी कुठल्याच यादीत लिहिलं नव्हतं." दोन महिने परीक्षणं, किमती, वजनं, सगळ्याचा तक्ता तिनं केला होता. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पिस्तुलाची नव्हतीच, तिच्या हाताची होती.

मग उपमान आमच्या कामी आलं. सादृश्यानं ओळखायचं, पण फरक कुठे आहे तेही पाहायचं. त्याच घराण्यात सीझेड 75 एसपी-01 टॅक्टिकल आहे. तेही पोलादी, वजन साधारण 1.1 किलो. त्याला घोडा उतरवायचा खटका आहे, म्हणजे त्या वेळी चापाला बोट लावावंच लागत नाही, आणि पिनला अडसरही आहे. चाप शॅडोइतका स्वच्छ नाही. आमच्या वहीत दुसऱ्या रकान्यात ते दोघांच्या मध्ये बसलं. पाचव्या रकान्यात मात्र प्रश्नच उरला नाही.

तिनं कोणतं घेतलं? त्या दिवशी कोणतंच नाही. आम्ही पुण्याला परतलो. ती तीन महिने आपल्या जुन्या ग्लॉकवरच पहिल्या गोळीचा दोष काढत बसली, रोज घरी रिकाम्या पिस्तुलावर दहा मिनिटं. मग तिनं एसपी-01 टॅक्टिकल घेतलं, उरलेल्या पैशांत जादा मॅगझिनं, होल्स्टर आणि गोळ्या. घरात बोलणं झालं नाही, असं तिनं मुद्दाम कळवलं. तिच्याच क्लबमधल्या एका तरुणानं शॅडो 2 घेतलं. त्याचा हात मोठा, अंगठा मजबूत, घोडा उतरवण्याचा सराव पक्का. त्याचाही निर्णय बरोबर आहे. दोघांचे निर्णय वेगळे आणि दोन्ही बरोबर, हे ज्याला पटत नाही त्यानं 'चांगलं' या शब्दावरचं आजचं पहिलं प्रकरण पुन्हा ऐकावं.

थोडक्यात रीत अशी. आधी काम आणि नियम ठरवा, मग वस्तू पाहा. शब्द घ्या तो आप्ताचा, आणि कौतुकाआधी तक्रारी वाचा. अनुमान कुठवर पोचतं आणि कुठे थांबतं ते ओळखा. प्रत्यक्षात 'कसं वाटलं' हे न विचारता जे मोजायचं तेच मोजा, आणि जुन्या वस्तूशी ताडून मोजा. प्रत्येक गुणाच्या बदल्यात काय दिलं आहे ते विचारा. आणि तक्त्यात एक रकाना स्वतःच्या हातासाठी ठेवा.

नैयायिक म्हणतात, ज्ञान खरं आहे की नाही हे ते ज्ञान स्वतः सांगत नाही. त्याच्या आधारानं केलेली कृती फळली, की मग ते खरं ठरतं. पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली, तेव्हा ते पाणी. आम्ही चाळीस वर्षं हे परतःप्रामाण्य फळ्यावर लिहून शिकवलं. डमी काडतुसावरची ती 'टक्' ऐकेपर्यंत, खरं सांगायचं तर, आम्हालाही ते फळ्यावरचंच वाटत होतं. बाहेर कृती फसली तर काय होऊ शकतं, हे त्या दिवशी कळलं. सुदैवानं काडतूस खोटं होतं. परीक्षा आधी करायची ती यासाठीच, की चुकायचं असेल तर तिथे चुकावं.

पुढच्या वेळी चिठ्ठ्यांची उत्तरं घेऊ. आणि हो, ज्यांनी ती पहिली चिठ्ठी पाठवली त्यांचे आभार. तुमच्यामुळे या वयात रेंज पाहिली.